काळ्या पडलेल्या केळ्यांची बाजू

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो. राग थोडा निवला की लिहू, असं ठरवलं होतं. तो काही निवला नाही, तेव्हा आता लिहूनच टाकतो. नातेवाईक मंडळी इथे येऊन वाचतात हे मला ठाऊक आहे, आणि ज्या घरातली ही गोष्ट आहे तिथेही आज ना उद्या कोणीतरी मोठ्यानं वाचून दाखवेलच. आत्या, आधीच सांगतो, राग तुझ्यावर नाही.

तर झालं असं. मे महिना. सावद्याच्या बाजूचं आमच्या आत्याचं गाव. आतेभावाच्या मुलीचा साखरपुडा. पारा ४४च्या वर. ओसरीत टांगलेला केळीचा अख्खा घड त्या उकाड्यात दोन दिवसांत एकदम पिकला. पहिल्या दिवशी पिवळा, दुसऱ्या दिवशी ठिपक्यांचा, तिसऱ्या दिवशी सकाळी निम्म्या फण्या काळ्या. साल काळी, आत गर मात्र मधासारखा. वासानं अख्खी ओसरी भरलेली.

दुपारी धुळ्याहून पाहुणे यायचे होते. मी म्हटलं, एवढी केळी आहेत, घरचं दही आहे, शेंगदाणे आहेत, पाहुण्यांना गार पेय करून देतो. पाच-सहा केळी सोलली, मिक्सर काढला. एवढ्यात आत्या आली. सालींकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "असं केयं पाहुन्याले देता का कोनी?"

संपलं. मिक्सर बंद. आतेभावाचा मुलगा मोटारसायकलवर फाट्यावर गेला आणि नारिंगी रंगाच्या थंड बाटल्या घेऊन आला. पाहुण्यांनी त्या प्यायल्या. केळी टोपलीत भरून गोठ्यात गेली. म्हशीनं ती ज्या आनंदानं खाल्ली ते पाहून मला वाटलं, या घरात चव कळणारी एकटी हीच आहे. :-)

गोष्ट एवढीच. यात रागवण्यासारखं काय, असं माझ्या बायकोनंही विचारलं. तेच सांगायला बसलोय.

मंडळी, आपण केळीच्या जिल्ह्यातली माणसं. भारत जगात सर्वात जास्त केळी पिकवतो, आणि भारतात जळगावचं नाव घेतल्याशिवाय केळ्याची गोष्ट पुरी होत नाही. रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यात रस्त्याच्या दोन्ही अंगांना बागाच बागा. २०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आपण सगळ्यांनी एकमेकांना पेढ्यांसारखी ती बातमी वाटली. सावदा आणि रावेर स्टेशनांवरून केळी दिल्लीला जाते, कंटेनरनं आखातात जाते. आपल्याकडे केळ्याला बागेवरून नाव आहे, मृगबाग वेगळी, कांदेबाग वेगळी. रोज सकाळी माणसं हवामान बघायच्या आधी केळीचे भाव बघतात.

पण ही सगळी प्रतिष्ठा कच्च्या, हिरव्या, टणक केळ्याची आहे. घड कापला जातो तो हिरवा. मोजला, तोलला जातो तो हिरवा. व्यापाऱ्याच्या गाडीत चढतो तो हिरवा. बागेत झाडावरच घड पिकला तर त्याला कोणी हात लावत नाही, कारण तो दिल्लीपर्यंत टिकणार नाही. भावाच्या यादीत सगळ्यात खाली 'वापसी' असा एक शब्द येतो. छाटणीत बाजूला काढलेला, डाग पडलेला, बारीक राहिलेला माल. त्याच्याही खाली पिकून मऊ पडलेलं केळं. त्याला यादीत नावसुद्धा नाही.

आणि भाव कोसळला की मग विचारूच नका. कापणीची मजुरी सुटत नाही म्हणून घड झाडावरच राहतात. वादळ आलं की बागा आडव्या. हरण्या रोग आला की झाडं उपटून बांधावर. २०२०च्या टाळेबंदीत घड बागेतच पिकले, गुरांपुढे पडले. आपण म्हणतो, नुकसान झालं. झालंच. पण त्या नुकसानीत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक, पैसा बुडाला. दुसरी, अन्न बुडालं. पहिलीबद्दल मोर्चे निघतात, निघायलाच हवेत. दुसरीबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही, कारण काळं पडलेलं केळं हे आपल्या लेखी अन्नच नाही.

म्हणून आधी त्या सालीच्या आत काय होतं ते बघू.

हिरव्या केळ्याच्या गरात वजनाच्या साधारण पाचवा हिस्सा पिठूळ पदार्थ असतो, म्हणजे स्टार्च. केळं पिकतं तसं ते स्टार्च साखरेत बदलतं आणि पूर्ण पिकल्यावर एक-दोन टक्के उरतं. म्हणून हिरवं केळं पिठूळ लागतं आणि काळं केळं गोड. बाहेरून कुठूनही साखर येत नाही, आतलंच पीठ साखर होतं. सालीवरचे डाग म्हणजे कापलेलं सफरचंद काळं पडतं तसलाच प्रकार. १०० ग्रॅम गरात साधारण ९० कॅलरी, ३५० मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम, बऱ्यापैकी ब६ जीवनसत्त्व, थोडं क, आणि चोथा. पिकून मऊ पडल्यानं यातलं बहुतेक सगळं तसंच राहतं. क थोडं कमी होतं, बस.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा केळ्याचा दलाल झाला. केळ्यात प्रथिनं जेमतेम एक टक्का. लोह तर नावापुरतंच. काळ्या डागांच्या केळ्यानं कर्करोग बरा होतो असा एक निरोप वर्षानुवर्षं फिरतो आहे, आधी ईमेलवर फिरायचा, आता व्हॉट्सअ‍ॅपवर. तो मला तीन मामांनी आणि एका साडूंनी पाठवला आहे. कृपा करून पाठवू नका. केळं हे औषध नाही. ते स्वस्त, गोड, पचायला सोपं, पोट भरणारं फळ आहे. एवढं पुरेसं आहे की!

आणि मऊ पडलेलं वेगळं, सडलेलं वेगळं. साल काळी पण अखंड, गर पिवळसर, वास गोड, तर केळं उत्तम. साल फुटून पाणी सुटलंय, बुरशी धरलीय, दारूसारखा वास येतोय, तर ते खतात टाका. हा फरक आपल्या आज्यांना नाकानं कळत होता. आपल्याला फक्त रंग कळतो.

बरं, काळं केळं आपण नाकारतो आणि त्याच्या जागी काय घेतो? त्या नारिंगी बाटल्या. आपल्या देशात फळांच्या तयार पेयासाठी नियम असा आहे की त्यात फळाचा रस कमीत कमी दहा टक्के असला की झालं. लिंबाच्या पेयाला पाच टक्केसुद्धा चालतात. म्हणजे ज्या बाटलीवर रसाळ आंब्याचं चित्र असतं तिच्यात शंभरातले नव्वद भाग पाणी, साखर आणि इतर मंडळी असू शकतात, आणि ते कायदेशीर आहे. आमच्या त्या दिवशीच्या बाटल्यांवर तर फळाचं नाव शोधूनही सापडलं नाही. फळाचा रंग तेवढा होता.

मुलांसाठी काय घेतो? डब्यातली चॉकलेटी पावडर. एप्रिल २०२४मध्ये केंद्र सरकारनं ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना सांगितलं की बोर्नव्हिटा आणि तत्सम पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदरातून काढा. कारण काय, तर आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' अशी काही व्याख्याच नाही! आपण दोन पिढ्या ज्याच्या नावानं दूध पाजलं, त्या नावाला कायद्यात अर्थ नव्हता. आणि दारात घड टांगलेला.

यावर मला घरात, लग्नात, रेल्वेत जे आक्षेप ऐकावे लागले ते एकेक घेतो.

पहिला आक्षेप, 'दूध आणि फळ विरुद्ध आहार.' हा आमच्या काकांचा. चरकसंहितेत दुधाबरोबर न खाण्याच्या फळांच्या यादीत केळं आहे हे खरं आहे. ताक-दह्याबरोबरही केळं नको असं वाग्भटानं म्हटलंय. ज्यांना ते पाळायचं त्यांनी जरूर पाळावं, त्यांच्यासाठी खाली बिनदुधाची कृती दिली आहे. पण काका, मागच्या श्रावणात तुम्ही सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा दोनदा मागून घेतला होता. त्यात दूधही होतं आणि केळंही. शिकरण तर तुमच्या आवडीचं. मग विरुद्ध आहार फक्त ग्लासात ओतल्यावरच होतो काय?

दुसरा, 'साखर वाढते.' हा आक्षेप मात्र खरा आहे. जास्त पिकलेल्या केळ्याची साखर रक्तात लवकर उतरते. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी हे पेय ग्लास भरून पिऊ नये, आणि ज्यांच्या मूत्रपिंडाचा त्रास आहे त्यांनी पोटॅशियममुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. पण हा आक्षेप घेणाऱ्या वहिनींच्या हातात त्या वेळी नारिंगी बाटली होती, एवढं नमूद करतो.

तिसरा, 'हल्ली केळी कार्बाइडनं पिकवतात, त्यापेक्षा नकोच.' कॅल्शियम कार्बाइडनं फळं पिकवायला आपल्याकडे कायद्यानं बंदी आहे, आणि कोणी वापरत असेल तर तो गुन्हा आहे. इथिलीन वायूनं पिकवणं वेगळं. फळ स्वतःच पिकताना तो वायू सोडतं, म्हणून तर एक पिकलं केळं सगळा घड पिकवतं. वखारीत आणि रायपनिंग चेंबरमध्ये तोच ठरावीक प्रमाणात सोडायला परवानगी आहे. आणि आत्याच्या ओसरीतला घड तर नुसत्या मे महिन्यानं पिकवला होता.

चौथा आक्षेप सगळ्यात मोठ्या आवाजात येतो. 'अरे, घरात मिक्सर फिरवून काय होणार? प्रक्रिया उद्योग आला पाहिजे!' प्रत्येक निवडणुकीत हा उद्योग येतो आणि निकालानंतर परत जातो. आला तर मला आनंदच आहे. पण थोडा इतिहास आठवा. जळगावात केळीची भुकटी करणारा कारखाना होता. १९७८ साली भवरलाल जैन यांनी तो जुना कारखाना सुमारे ३० लाख रुपयांना घेतला, आणि त्यात केळीची भुकटी न करता पपईच्या चिकापासून पपेन काढायला सुरुवात केली. पपेन परदेशी गेलं, कारखाना चालला, पुढे ठिबक सिंचनाचा सगळा पसारा उभा राहिला. यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. उद्योजक विकलं जाईल तेच करणार. मी म्हणतो ते एवढंच की यंत्र आलं म्हणजे केळं आपल्या पोटात जातं असं नाही. यंत्र बाजाराकडे बघतं. पोटाकडे आपणच बघायचं असतं.

आणि यंत्राशिवाय हे करणारे लोक जगात आहेतच. वसईकडे आगाशीची सुकेळी प्रसिद्ध आहेत. पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची, झालं. रवांडात पिकलेली केळी सोलून गवताबरोबर मळतात. गवतात चोथा अडकतो आणि रस सुटतो. तो गोड रस ताजा पितात, त्याला तिथे 'उमुतोबे' म्हणतात. त्यात भाजलेल्या ज्वारीचं पीठ घालून आंबवला की त्याची 'उर्वाग्वा' नावाची केळ्याची दारू होते. ज्वारी आणि केळं! खानदेशात या दोन्ही गोष्टी एकाच बांधाच्या दोन बाजूंना उभ्या आहेत. दारूचं मी सुचवत नाहीये, अण्णा, तुम्ही वाचत असाल तर! पण पाहुण्यापुढे पिकल्या केळ्याचं पेय ठेवण्यात त्या लोकांना लाज वाटत नाही, एवढं लक्षात घ्या.

आता कृती. माझ्या बायकोनं आणि मी पुण्यातल्या स्वयंपाकघरात वर्षभर करून पाहिलेल्या आहेत.

पहिली, दह्याची. दोन मध्यम काळी केळी, वाटीभर घरचं दही, मूठभर भाजून सोललेले शेंगदाणे, चिमूटभर मीठ, थोडी जिरेपूड. आधी शेंगदाणे कोरडेच बारीक करायचे, मग बाकीचं घालून फिरवायचं, मग गार पाणी. दोन मोठे ग्लास होतात. दोन्ही मिळून साडेतीनशेच्या आसपास कॅलरी आणि दहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. साखर घालायची नाही. घालाल तर सगळ्यावर पाणी.

दुसरी, काकांसाठी, बिनदुधाची. शेंगदाणे रात्री भिजवून पाण्यात वाटायचे. त्यात केळी, अर्ध्या लिंबाचा रस आणि ज्वारीच्या लाह्यांचं दोन चमचे पीठ. लिंबानं रंग लवकर काळा पडत नाही, आणि लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे शेंगदाण्या-ज्वारीतलं लोह अंगी लागायला मदत होते. लाह्यांच्या पिठानं दाटपणा येतो आणि पोटाला आधार होतो.

तिसरी माझ्या सासूबाईंची. त्या शिरपूरच्या. धुळे जिल्ह्यात शिरपूरकडे पपईच्या बागा पुष्कळ. पपईही केळीसारखीच, एक दिवस इकडे-तिकडे झाला की लिबलिबीत. सासूबाई अशी पपई चमच्यानं खरवडून घेतात, त्यात एक काळं केळं, लिंबू, मीठ, किंचित मिरपूड आणि पाणी. दूध नाही, साखर नाही. पपईत अ जीवनसत्त्वासाठी लागणारा पिवळा-केशरी रंग भरपूर असतो आणि क सुद्धा. पण शरीराला अ घ्यायला थोडी चरबी लागते, म्हणून वरून चमचाभर तिळाचा कूट. हे त्या कुठे शिकल्या कोण जाणे. विचारलं तर म्हणतात, "फेकायचं जिवावर येतं, दुसरं काय!"

दोन सूचना. पेय गाळू नका, चोथा हा अर्धा फायदा आहे. आणि बाटलीत भरून ठेवू नका. केळं आंबट फळ नाही, त्याचं पेय टिकत नाही. खानदेशातल्या मे महिन्यात सकाळचं संध्याकाळी फसफसायला लागतं. करायचं आणि प्यायचं. जास्तीची केळी सोलून, तुकडे करून फ्रीजरमध्ये ठेवली तर मात्र महिनाभर कामाला येतात.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, एवढंच होतं तर रागाचं काय? तर आता ते सांगतो. यात मी स्वतःही चुकलोय.

साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी मला एक थोर कल्पना सुचली. गोठ्यात सगळी केळी गेली नव्हती, एक टोपली राहिली होती. आत्याच्या बागेत घड वाहायला सातपुड्याकडून आलेली पावरा कुटुंबं शेतातल्या खोपटात राहतात. बाया, माणसं, लहान मुलं. दिवसभर वीस-वीस, पंचवीस-पंचवीस किलोचे घड खांद्यावरून बांधापर्यंत आणतात. मुलं बारीक. मी म्हटलं, टोपली त्यांना नेऊन देऊ. मोठ्या दातृत्वानं गेलो. तिथल्या एका बाईंनी टोपलीत डोकावलं. हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. शांतपणे विचारलं, "तुमच्या घरी खातात का हे?"

मी गप्प. कारण आदल्याच दिवशी आमच्या घरी हे पाहुण्यांना चालणार नाही असं ठरलं होतं. म्हशीला चाललं होतं. आणि म्हशीच्या पुढची वाटणी मी या मुलांसाठी घेऊन आलो होतो.

त्या बाईंनी केळी घेतली. नाही म्हणण्याची चैन त्यांच्याकडे नव्हती. मी परत आलो तो मान खाली घालून.

तेव्हापासून माझा राग हा आहे. काळ्या केळ्याला आपण अन्न मानत नाही तोवर ते टाकाऊ असतं, आणि गरिबाला द्यायची वेळ आली की त्याच केळ्यात एकदम पोषण दिसायला लागतं! 'एवढी केळी वाया जातात, आदिवासी पाड्यांवर वाटली तर कुपोषण संपेल,' हे वाक्य मी सभांमध्ये ऐकलंय, लग्नांच्या पंगतीत ऐकलंय, खोटं कशाला बोलू, स्वतःही म्हटलंय. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची १०० पैकी ३५ मुलं वयाच्या मानानं खुजी भरली. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत १०० पैकी जवळजवळ ६९ जणांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी. हे काळ्या केळ्यांच्या टोपलीनं भरून निघणारं नाही. लोह केळ्यात नाही, प्रथिनं केळ्यात नाहीत, वर सांगितलंच. त्या मुलांना डाळ हवी, अंडं हवं, दूध हवं, तेल हवं, आणि आई-बापाला पुरी मजुरी हवी.

हे सरकारलाही माहीत आहे. २०१५ साली आदिवासी भागात अब्दुल कलामांच्या नावानं अमृत आहार योजना सुरू झाली. तिच्यात पुढे लहान मुलांना अंडी, आणि अंडी न खाणाऱ्यांना केळी द्यायचं ठरलं. २०२३मध्ये शाळेतल्या जेवणातही आठवड्यातून एकदा अंडं किंवा केळं आलं. आणि जानेवारी २०२५मध्ये अंड्यांसाठी वेगळा निधी मिळणार नाही, हवं तर लोकसहभागातून करा, असं सांगण्यात आलं. लोकसहभाग म्हणजे कोण? आपणच. आणि आपला सहभाग कसा असतो ते मी त्या खोपटासमोर पाहिलं. जे आपल्या पाहुण्याला चालत नाही ते.

म्हणून माझं म्हणणं सोपं आहे. जास्त पिकलेल्या केळ्याचं, पपईचं, पेरूचं, आंब्याचं पेय करा. पण आधी आपल्या घरात करा. आपल्या जावयापुढे ठेवा. व्याह्यांपुढे ठेवा. साहेब आले तर साहेबांपुढे ठेवा. सावद्या-फैजपूरच्या रस्त्यावर कच्च्या केळ्याचे वेफर्स तळणारे आहेत, त्यांच्याशेजारी पिकल्या केळ्याच्या ताज्या पेयाची एक गाडी उभी राहिली तर तिथे गाडी थांबवून प्या, पैसे देऊन प्या. ज्या दिवशी जळगावच्या लग्नात काळ्या केळ्याचं पेय पहिल्या पंगतीला येईल, त्या दिवशी ते अंगणवाडीत द्यायला आपल्याला तोंड असेल. त्याआधी दिलं तर ती उष्ट्याची वाटणी आहे, तिला पोषण म्हणू नका.

आणि ज्यांनी घड वाहिले त्यांना द्यायचंच असेल तर बागेतली चांगली फणी द्या. दिल्लीला पाठवतो ती. सोबत शेंगदाणे द्या. हे दान म्हणून नको, कामाबरोबरचा हक्क म्हणून, जसा पूर्वी खळ्यावर धान्याचा वाटा असायचा. बागायतदार भावांनो, तुमच्या भावाचं रडगाणं मला पाठ आहे, आणि ते खरंही आहे. पण आठवड्याला दोन फण्यांनी कोणाची बाग बुडाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

त्या बाईंकडे मी परत गेलो होतो, निघायच्या दिवशी. या वेळी मिक्सरमध्ये पेय करून, तांब्या घेऊन. आधी मी तिथे बसून एक पेला प्यायलो, मग त्यांनी घेतला, मग मुलांनी. गोड आहे म्हणाल्या. बाकी काही बोलल्या नाहीत. एका तांब्यानं काय होतं? काही होत नाही. माझा राग माझ्यावरून थोडा सरकला, एवढंच.

राहता राहिली आत्या. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. लेकीच्या लग्नाची तयारी, पत्रिका, बस्ता, सगळं बोलून झालं. शेवटी सहज विचारल्यासारखं तिनं विचारलं, "त्या तुझ्या केयाच्या पेयात जिरं आधी घालायचं का नंतर?"

मी म्हटलं, नंतर. पण पाहुण्यांना देणार असशील तरच सांगतो.

फोनवर थोडा वेळ शांतता. मग म्हणाली, "बघू."

असो. लग्न मार्गशीर्षात आहे. काय झालं ते कळवीनच.